आधी चिमूट, मग पेन्सिल

नाशिकमधल्या नर्सरी, ज्युनिअर-सिनिअर केजी आणि बालवाड्या चालवणाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय संचालक, विश्वस्त आणि मुख्याध्यापिका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला माझा साडेचार वर्षांचा नातू वहीवर डोकं टेकवून झोपला. पेन्सिल मुठीतच होती. ती काढायला गेले तर बोटं इतकी आवळलेली, की एकेक उलगडावं लागलं. घरी लिहून आणायच्या होत्या 'क'च्या दहा ओळी. सहा झाल्या होत्या. पहिल्या ओळीतला क बऱ्यापैकी क होता. चौथ्या ओळीत त्याचा गोल उघडा पडला आणि सहाव्या ओळीत नुसत्या उभ्या रेघा उरल्या. दुसऱ्या दिवशी वही परत आली ती लाल शाईतला शेरा घेऊन : 'अपूर्ण. अक्षराकडे लक्ष द्या.'

मी त्या रेघांकडेच लक्ष देऊन बघत बसले, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

शाळेचं नाव लिहिणार नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. आमच्या इमारतीतली पाच मुलं केजीला जातात, चार वेगवेगळ्या शाळांमध्ये. मी त्यांच्या आयांकडे वह्या मागून पाहिल्या. चारही शाळांत रोज घरी लिहायला आहे. एकीकडे एक ते पन्नास, एकीकडे इंग्रजी मोठी आणि छोटी लिपी, एकीकडे बाराखडीची सुरुवात. वय चार आणि पाच.

मी स्वतः सव्वीस वर्षं बालवाडीत ताई होते. पंचवटीतल्या एका वस्तीत, एका खोलीत, एका सतरंजीवर. त्यामुळे तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत, आणि शाळांशी भांडण काढायला मी बसलेले नाही. माझी मागणी एकच आहे. जूनपासून नवं वर्ष सुरू होईल, तेव्हा सहा वर्षांखालच्या एकाही मुलाला घरी लिहायला देऊ नका. त्याची संध्याकाळ त्याच्या घराला परत करा. का, ते मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

हातापासून सुरू करते. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा तिथे हाड नसतं, मऊ कुर्चा असते. मग वर्षावर्षाने एकेक हाड तयार होत जातं, आणि आठवं तयार व्हायला दहा-बारा वर्षंही लागतात. साडेचार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठही हाडं त्यात दिसणारच नाहीत. बोटांचंही तसंच. लहान मूल आधी खडू मुठीत धरतं आणि खांद्यापासून अख्खा हात हलवतं. मग हालचाल कोपरात येते, मग मनगटात आणि सगळ्यात शेवटी बोटांच्या टोकांत. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांची पकड कुणाला चार वर्षांचं झाल्यावर जमते, कुणाला सहाव्या वर्षी. ती यायच्या आधी दहा ओळी लिहायला लावल्या तर मूल मूठ आवळतं, कागदावर जोर देतं, थकतं, आणि वही म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो.

त्या तीन बोटांच्या पकडीला आपल्याकडे फार जुना शब्द आहे. चिमूट. मीठ चिमटीने, हळद चिमटीने, रांगोळी चिमटीने. पेन्सिलही चिमटीनेच धरायची असते. चिमूट तयार झाली की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. चिमूट तयार नसेल तर कितीही वह्या भरा. आणि चिमूट वहीत तयार होत नाही. ती स्वयंपाकघरात, देवघरापाशी, अंगणात आणि मातीत तयार होते.

नातवाला आम्ही घरी दादू म्हणतो. दादू माझ्यासोबत वाती वळतो. दिवाळीनंतर एके दुपारी मी कापूस घेऊन बसले होते, तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, मला पण. पहिल्या दिवशी त्याने कापसाचा गोळा नुसता दाबला. दुसऱ्या दिवशी मी त्याला कापूस मोकळा करायला दिला : दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा आणि हलकेच ओढायचा, तुटू द्यायचा नाही. जोर जास्त झाला की तुटतो, कमी पडला की सुटत नाही. हा अंदाज शब्दांत सांगता येत नाही, बोटांनाच कळावा लागतो. बोटांना चिमूटभर भस्म लावलं की कापूस सरकत नाही, हे त्याने माझं बघून उचललं. आठवडाभर त्याच्या वाती अळीसारख्या जाड व्हायच्या, मध्येच फुगलेल्या. मी त्या तशाच निरांजनात लावत गेले. आपली वात जळते का हे बघायला तो रोज संध्याकाळी देवापाशी येऊन उभा राहायचा. जाड वात तेल नीट ओढत नाही, तडतडते, विझते. हे त्याने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी न सांगता बारीक वळायला बसला. आता तो फुलवात करतो. कापसाचं पातळ फूल तळहातावर ठेवायचं, मध्यभागी चिमटीने वर उचलायचं आणि टोकाला पीळ द्यायचा. एक हात धरून ठेवतो, दुसरा वळतो. दोन हातांनी दोन वेगळी कामं एकाच वेळी करायची! वहीवर कागद धरून लिहिताना तरी दुसरं काय करायचं असतं?

विझलेल्या वातीने त्याला कुठलाही शेरा दिला नाही. त्याचं काय चुकलं तेवढं दाखवलं.

असं घरात किती आहे! मटार सोलणं, वालाच्या शेंगा सोलणं, लसूण पाकळ्या सुट्या करणं, पोळ्या होत असताना बाजूला कणकेचा छोटा गोळा घेऊन त्याचा साप, बांगडी, गणपती करणं. ठिपक्यांची रांगोळी तर मी बालवाडीत रोज घालून घ्यायचे. सुरुवातीला मुलांच्या हातून रांगोळीचे ढीग पडतात. मग बोटं किती दाबायची आणि हात किती वेगाने सरकवायचा याचा मेळ बसतो आणि रेघ उमटते. ज्याची रेघ रांगोळीत सरळ आली, त्याच्या हाती मी पेन्सिल द्यायचे, आणि तीही वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. पहिलीत गेलेली ती मुलं लिहिण्यात मागे पडल्याची तक्रार घेऊन कुणी आलेलं मला आठवत नाही.

आता त्याच 'क'बद्दल बोलते, जो सहाव्या ओळीत मोडून पडला.

गंगाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. दादू आणि मी पिशवी घेऊन जातो. जाताना खेळ ठरलेला : क ने सुरू होणारं काय काय दिसतं ते सांगायचं. कांदा, काकडी, कोबी, कारलं, कैरी, कोथिंबीर. मग तो एका ढिगापाशी थांबला आणि ओरडला, "खरबूज!" दोन पावलं चालला आणि स्वतःच म्हणाला, "नाही आजी, ते वेगळं आहे." मी त्याचा तळहात त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, आता क म्हण. आता ख म्हण. ख म्हणताना हातावर वारा लागतो, क म्हणताना तेवढा लागत नाही. बाजार संपेपर्यंत तो तोंडासमोर हात धरून चालत होता. ग, घ. त, थ. प, फ. भाजीवाल्या मावशींनीही हात धरून बघितला.

त्या दिवशी त्याने एकही अक्षर लिहिलं नाही. पण अल्पप्राण-महाप्राण ज्याला आपण पुढे व्याकरणात म्हणतो, तो फरक त्याच्या कानाला आणि तळहाताला कळला. आपली लिपी अशी, की अक्षर म्हणजे आवाजच. ज्या मुलाला मेथीला दोन टाळ्या आणि बटाट्याला तीन टाळ्या लागतात हे ऐकू येतं, त्याला अक्षरं दाखवली की ती भराभर कळतात, कारण कुठल्या आवाजाची ती खूण आहे हे त्याला आधीच माहीत असतं. ज्याला ते ऐकू येत नाही त्याला क म्हणजे नुसती एक आकृती. ती दहा ओळीच काय, शंभर ओळी गिरवली तरी आकृतीच राहते.

वाचनाचंही असंच, आधी कान आणि मांडी. मांडीवर घेऊन गोष्ट वाचणं हे लाड नव्हेत, ते शिकवणं आहे. आमच्याकडे हत्ती दवाखान्यात जातो अशी एक पातळ पुस्तिका आहे. ती मी किती वेळा वाचली याला मोजदाद नाही. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही, कारण प्रत्येक वेळी त्यांना पुढचं आधी कळलेलं असतं आणि ते खरं ठरतं. एकदा मी घाईत एक ओळ गाळली. दादूने पानावर हात ठेवला. म्हणाला, "इथलं 'मग तो रडला' राहिलं." त्याला वाचता येत नाही. पण ती ओळ माझ्या तोंडात नसून त्या पानावर आहे, ती गाळली तर चुकतं आणि ती रोज तीच असते, हे त्याला कळलं आहे. वाचन इथे सुरू होतं. मध्येच थांबून मी विचारते, हत्ती का रडला असेल? त्याची उत्तरं रोज बदलतात. काल म्हणाला, त्याची आई उशिरा येते म्हणून. त्याची आई, म्हणजे माझी सून, अंबडच्या एका कारखान्यात काम करते आणि साडेसातला घरी येते.

नाशिकला पुस्तकांचं नवल नाही. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही पुस्तकांच्या पेट्यांची योजना २००९ साली याच गावात सुरू झाली आणि परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचली. जिथून पेट्या परदेशी गेल्या, त्या गावातल्या केजीच्या मुलाच्या दप्तरात चार वह्या असतात आणि गोष्टीचं पुस्तक एकही नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गणिताबद्दल एकच प्रसंग सांगते. दादू एक ते पन्नास घडाघडा म्हणतो, तीसपर्यंत लिहितोही. पाहुणे आले होते, मी म्हटलं पाच चमचे आण. त्याने मूठभर चमचे आणले. मोजले तर नऊ. त्याला आकडे येत होते, पाच येत नव्हते. त्या दिवसापासून रात्रीची ताटं तो मांडतो. आपण पाच जण, पाच ताटं, पाच वाट्या. एक वाटी कमी पडली की तो जाऊन एकच आणतो. आत्या आली की सहा. ताक नको असलेल्याला पेला नको, म्हणजे पेले चार. बेरीज-वजाबाकी या शब्दांशिवाय ती रोज होते आहे, आणि चुकली तर कुणीतरी वाटीवाचून राहतं, म्हणून तो चुकू देत नाही.

आणि खेळ. हल्ली द्राक्षांचा हंगाम आहे. नाशिकमधल्या कुठल्याही घरात या दिवसांत द्राक्षांची रिकामी खोकी मिळतात. गेल्या रविवारी इमारतीतल्या मुलांनी अशी अकरा खोकी गोळा केली आणि जिन्याखाली दुकान थाटलं. माल काय, तर चिंचोके, बाटल्यांची झाकणं, वाळकी पानं. एका पानाला तीन चिंचोके असा भाव ठरला आणि त्यावरून वाद झाला, कारण मोठ्या पानालाही तीन आणि छोट्यालाही तीन कसे? पाऊण तास वाद चालला. शेवटी पाच वर्षांच्या एका मुलीने पानं एकावर एक ठेवून मापली आणि दोन भाव ठरवले. मी पायरीवर बसून ऐकत होते, मध्ये बोलले नाही. बालवाडीत मला हे शिकायलाच सात-आठ वर्षं लागली होती, की कधी कधी ताईने गप्प बसायचं असतं.

दिवाळीच्या किल्ल्याचं सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. मखमलाबादकडून दोन गोण्या माती आणली. विटा, त्यांवर भिजवलेलं गोणपाट आणि त्यावर चिखल थापायचा. मुलं कोपरापर्यंत माखली. तट, बुरूज, पायथा, चोरवाट, चढ, उतार हे शब्द त्यांना कुणी पाठ करायला दिले नव्हते, ते कामाला लागत होते म्हणून आले. उतारावर हळीव पेरलं. चौथ्या दिवशी खाली हिरवंगार आणि वर माथ्यावर कोरडं. दादू म्हणाला, "वरचं का नाही उगवलं?" मी म्हटलं, तूच बघ. तो तांब्याने पाणी ओतायचा, पाणी धो धो खाली यायचं. दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी त्याने तांब्या ठेवून दिला आणि ओंजळीने थेंब थेंब पाणी सोडलं. माती वरच्या वर भिजली. भाऊबीजेला माथ्यावरही कोंब आले. त्याने काय शोधून काढलं ते त्याच्या वयाला उमगलेलं आहे, आणि ते कुणीही कधीही त्याच्याकडून काढून घेऊ शकणार नाही.

हे मी नवीन काही सांगत नाही, आणि परदेशातून आलेलंही सांगत नाही. बालशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली गुजरातमध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ साली कोसबाडला गेल्या, आपल्या शेजारच्या आजच्या पालघर जिल्ह्यात. सोबत अनुताई वाघ. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती, तेव्हा या बायकांनी बिया, खडे, शंख-शिंपले आणि पानं घेऊन तेच शिक्षण उभं केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा विचारही तिथलाच. अंगणवाडी या शब्दात ते अंगण अजून आहे. आम्ही बालवाडीताया त्याच विचारांवर वाढलो.

कागदोपत्रीही तुम्हाला अडवणारं काही नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्येच लहान मुलांवरच्या ओझ्याबद्दल बजावलं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा म्हणून वेगळं काढलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा जो अभ्यासक्रम आराखडा आला तो खेळावर उभा आहे. २०२० च्याच दप्तर धोरणात पूर्वप्राथमिकला दप्तर नको आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं लिहिलेलं आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या माहितीपत्रकातही 'खेळातून शिक्षण' हे शब्द असतात. मी ते शब्द खरे मानून तुमच्याशी बोलते आहे.

वहीतल्या शेऱ्यानंतर मी शाळेत गेले होते. दादूच्या टीचर चोवीस-पंचवीस वर्षांच्या असतील. रागवायला म्हणून गेले, पण त्यांना बघून राग गेला. त्या म्हणाल्या, "आजी, मलाही कळतं हो. पण एक दिवस होमवर्क दिला नाही की रात्री ग्रुपवर पालक विचारतात, आज काहीच शिकवलं नाही का? आणि मॅडम मला विचारतात." वर्गात अडतीस मुलं. सगळ्यांच्या वह्या त्या दुपारी तपासतात.

पालकांचं चुकतं असंही मी पटकन म्हणणार नाही. माझी सून दिवसभर उभी राहून दमून येते, पोळ्या लाटते, आणि तेवढ्यात ग्रुपवर दुसऱ्या मुलांच्या पूर्ण झालेल्या वह्यांचे फोटो येतात. तिच्या छातीत धस्स होतं. आपलं मूल मागे राहील, पहिलीत त्याला प्रवेश देताना विचारतील, अशी भीती तिला आहे आणि ती भीती खोटी म्हणून मी झटकली तर ते तिच्यावर अन्याय केल्यासारखं होईल. ही भीती तिला घरात कुणी घातलेली नाही. ती वहीतून आली आहे. मग होतं असं, की ती एका हाताने पोळी उलटते, दुसऱ्या हाताने दादूचं बोट धरून गिरवून घेते, तो रडतो, तिचा आवाज चढतो, आणि वही संपली की दोघंही दमलेले, म्हणून त्याच्या हातात मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात पडद्यासमोर तासाभराहून जास्त बसवू नका आणि किमान तीन तास हालचाल होऊ द्या. शाळा, शाळेची गाडी, वही आणि झोप यांतून हे तीन तास आणायचे कुठून?

म्हणून एक विनंती वेगळी करते. हे पत्र वाचून कुणी असं ठरवू नका, की ठीक आहे, लिहिण्याऐवजी घरी हस्तकला देऊ. तीही नको. प्रकल्प या नावाखाली काय येतं ते मी पाहिलं आहे. दिवाळीआधी एका शाळेत आकाशकंदील मागवले होते. आमच्या शेजारच्या मुलीने स्वतः केला : पतंगाचा कागद, मैद्याची खळ, एक बाजू लांब, एक आखूड, शेपट्या उलट्या बाजूला चिकटवलेल्या. तिने तो दोन दिवस पंख्याखाली वाळवला होता. प्रदर्शनात पुढच्या ओळीत लागले ते दुकानातून आणलेले आणि वडिलांनी रात्री बारापर्यंत जागून केलेले. तिचा मागच्या ओळीत, खांबाआड. घरी आल्यावर ती काहीच बोलली नाही, पण त्या दिवसापासून कात्री हातात घेताना विचारते, "आजी, तू कापून देशील? माझं वाकडं येतं." पाच वर्षांच्या मुलीचं वाकडंच येतं. यायलाच हवं. तो वाकडा कंदील पहिल्या ओळीत हवा होता.

तेव्हा मागणं असं. सहा वर्षांपर्यंत घरी लिहायला काहीही नको आणि करून आणायलाही काही नको. त्याऐवजी दर शुक्रवारी एका कापडी पिशवीतून प्रत्येक मुलाबरोबर एक गोष्टीचं पुस्तक घरी पाठवा आणि सोमवारी परत घ्या. त्याच्यासोबत प्रश्नपत्रिका नको, सही नको, फोटो नको. पुस्तक फाटून येईल, त्याला डिंक लावा आणि पुढच्या मुलाला द्या. फाटलेलं पुस्तक वाचलेलं असतं. तुमच्या एका वर्षाच्या वह्यांचा जो खर्च होतो त्यात अशी पुस्तकं नक्की बसतील. मराठीत चांगली पातळ पुस्तकं फार महाग नसतात.

आणि जूनमधली पालकसभा खुर्च्यांवर घेऊ नका. सतरंजी अंथरा. आई-बाबांच्या हातात कापूस द्या, कणीक द्या, रांगोळी द्या आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना डाव्या हाताने 'क'ची एक ओळ लिहायला सांगा. मी बालवाडीत हे करून घ्यायचे. तिसऱ्या अक्षरापर्यंत माणसं घामाघूम व्हायची, आणि मग मुलाला काय होतं हे मला वेगळं समजवावं लागत नसे. शहरात माझ्यासारख्या निवृत्त ताया आणि वाती वळता येणाऱ्या आज्या प्रत्येक गल्लीत आहेत. बोलवा, आम्ही येऊ. गाडीभाडंसुद्धा नको. त्याच सभेत तुम्ही मुख्याध्यापिका म्हणून उभं राहून सांगा, की या वर्षी वह्या कोऱ्या राहतील आणि त्याची जबाबदारी माझी. तुम्ही सांगितलंत तरच माझी सून निर्धास्त होईल आणि तरच त्या चोवीस वर्षांच्या टीचरना ग्रुपवर उत्तर देता येईल. मी घरात कितीही सांगितलं तरी ते आजीचं बोलणं राहतं.

दादूची ती वही आज माझ्यासमोर आहे. 'क'च्या अर्धवट पानावरून मी उगाच मागची पानं चाळली. शेवटच्या पानावर, ओळींना न जुमानता, त्याने द्राक्षांच्या खोक्यांचं घर काढलं आहे. एकावर एक चौकोन, वर तिरकं छप्पर, आणि आत माणसं. रेघा कुठेही आवळलेल्या नाहीत. माणसं मोजली तर सहा. मी म्हटलं, आपण तर पाच जण, ही सहावी कोण?

"टीचर," तो म्हणाला. "त्या वह्या तपासून दमल्या ना, मग त्या आमच्याकडे खेळायला येणार आहेत."

आपली,
एक निवृत्त बालवाडीताई
पंचवटी, नाशिक